डेसने काढलेले ओरखडे

माझ्या मोटरसायकलच्या मागच्या टायरची नक्षी दोन पूर्णांक एक दशांश मिलिमीटर खोल आहे. अकरा ठिकाणी व्हर्नियरने मोजून, सरासरी काढून सांगते आहे. नियमाला दीड लागते. म्हणजे टायरच्या बाबतीत मी निर्धास्त होते, आणि पुढे जे काही झालं त्याच्याशी टायरचा काडीचाही संबंध नाही. तरी सुरुवात टायरपासून करते, कारण सगळ्या प्रकरणात शेवटपर्यंत माझ्या म्हणण्याप्रमाणे वागलेला तो एकटाच.

आमच्या राज्यात पाच वर्षांहून जुन्या गाडीची दर वर्षी तपासणी होते आणि पास झाली की गुलाबी चिठ्ठी मिळते. हल्ली ती संगणकातून परस्पर जाते, तिला रंगच उरलेला नाही, पण आमच्या तालवंग गावात अजून सगळे तिला गुलाबीच म्हणतात. माझी गाडी सत्तेचाळीस वर्षांची, म्हणजे माझ्या दुप्पट आणि वर एक. तिची नोंदणी रविवारी संपणार होती, आणि चिठ्ठीशिवाय ती वाढवून मिळत नाही. सोमवारी सकाळी सात वाजता मला धरणावरच्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी चौदा महिने बेकरीत पाव कापत होते, तेव्हा या नोकरीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. केंद्र घरापासून एक्केचाळीस किलोमीटर. बस एकच, शाळेची, ती उलट दिशेला जाते. आईची गाडी आई पहाटे पाचला घेऊन जाते. गणित सोपं होतं: चिठ्ठी नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर नोकरी नाही, आणि मग परत पाव.

गाडीत दोष दोनच होते. हॉर्न वाजत नव्हता आणि मागचा ब्रेक उशिरा लागत होता. ब्रेक आवळायला बारा नंबरचा पाना हवा होता, आणि आमच्या घरात दहाचा होता, तेराचा होता, अकराचे तर दोन होते.

आमच्या गावात कुठल्याही यंत्राबद्दल कुणालाही विचारलं की उत्तर येतं, ‘काही होत नाही.’ हे धीर देणं नव्हे. हे तांत्रिक मत समजलं जातं. पोस्टातल्या बाईंनी मला काही होत नाही म्हणून सांगितलं, बेकरीच्या मालकाने सांगितलं, गाडी न बघता सांगितलं. शेजारची डॉट मात्र वेगळ्या वळणाची. तिने आधी मला तपासनीस नोरीनबद्दल सावध केलं. नोरीन गॅफनी अठ्ठावीस वर्षं गाड्या तपासते आहे आणि तिने स्वतःच्या नवऱ्याची गाडी दोनदा नापास केली आहे. डॉटचा मेव्हणा एकदा तिच्यासाठी केक घेऊन गेला, तर तिने केक घेतला, कापला, सगळ्यांना वाटला आणि मग गाडी नेहमीपेक्षा दोन तास जास्त तपासली. सारांश, केक नेऊ नकोस. पाना हवा असेल तर शेडमध्ये जा.

शेड म्हणजे जुन्या लोणी कारखान्याच्या आवारातला पत्र्याचा हॉल. गावातले निवृत्त पुरुष मंगळवार ते शुक्रवार तिथे जमतात, लाकूड कापतात, चहा पितात आणि घरी बायकांच्या पायात घुटमळत नाहीत. शेवटचा उद्देश शेडच्या घटनेत लिहिलेला नाही, पण अनुदान त्यासाठीच मिळतं असं डॉटचं म्हणणं. मी गेले त्या मंगळवारी तिघं जण झाडावर टांगायची लाकडी घरटी करत होते, पॉसम या झाडावर राहणाऱ्या मांजराएवढ्या प्राण्यासाठी. एकशे चौदावं घरटं चाललं होतं. आमच्या परिसरात एकशे चौदा बेघर पॉसम आहेत का, हा प्रश्न मला लगेच पडला, पण पहिल्याच भेटीत विचारला नाही.

मी पाना मागितला. कशाला हवा, असं त्यांनी विचारलं. मी मोटरसायकल हा शब्द उच्चारला आणि करवत बंद झाली. घरट्यांकडे परत कुणी पाहिलं नाही.

या तिघांची ओळख करून देते. वॉल हा बँकेचा निवृत्त मॅनेजर आणि शेडचा अध्यक्ष. तो हत्यार कधी हातात धरत नाही, पण त्याच्या वहीत नोंद झाल्याशिवाय कुणी धरू शकत नाही. लायोनेल रेल्वेच्या सिग्नल खात्यात एकतीस वर्षं तारांचं काम करत होता आणि वीज फक्त त्यालाच कळते यावर त्याची श्रद्धा आहे. तिसरा डेस, वय ब्याऐंशी, याच आवारात लोणी कारखाना चालू असताना चोवीस वर्षं स्टीलच्या टाक्यांना चकाकी देत होता. टाकीत तोंड बघून दाढी करता यायची, असं तो सांगतो, आणि बाकीचे दोघं मान डोलावतात.

वॉलने मला नियम समजावले. हत्यार शेडबाहेर जात नाही, म्हणून गाडी आत यायला हवी. आत येणारी प्रत्येक वस्तू ‘प्रकल्प’ असते, म्हणून अर्ज हवा. अर्जात ‘समाजाला होणारा लाभ’ असा रकाना होता. मी पेन धरून विचार करत बसले, तेव्हा वॉलने माझ्या नोकरीची चौकशी केली आणि स्वतःच्या सुंदर अक्षरात तिथे ‘पाणी’ असं लिहिलं. मग माझा प्रश्न आला. सभासद फक्त पुरुष होऊ शकतात, त्यामुळे मी पाहुणी ठरले. पाहुण्यांना आधी सुरक्षिततेची चाळीस मिनिटांची चित्रफीत बघावी लागते, नारिंगी जाकीट घालावं लागतं, आणि जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहावं लागतं. हत्याराला हात लावायची परवानगी नाही.

अशा रीतीने मी एक पाना मागायला गेले आणि माझ्याच गाडीपासून दोन पूर्णांक चार दशांश मीटरवर, नारिंगी जाकिटात, हात मागे बांधून उभी राहिले. बेकरीत निदान सुरी माझ्या हातात असायची.

ब्रेक बारा मिनिटांत झाला. मला वाटलं संपलं. पण वॉलच्या मते एकदा दाखल झालेला प्रकल्प अर्धवट सोडता येत नाही, आणि लायोनेलने तोवर हॉर्न काढलाही होता. बुधवारी दहाच्या चहानंतर तो उघडला. आत मातीचं घर करणाऱ्या गांधीलमाशीने संसार थाटला होता: हॉर्नच्या भोंग्यात ओल्या मातीच्या कोठड्या, आणि प्रत्येक कोठडीत पिल्लांसाठी बधिर करून ठेवलेले कोळी. लायोनेलने ते वर्तमानपत्रावर ओतून रेषेपर्यंत आणून दाखवले. मी अकरा मोजले. त्याने बारा मोजले. एका अर्ध्या कोळ्यावरून आमचा मतभेद झाला आणि वॉलने वहीत ‘अकरा ते बारा’ असं लिहिलं. मला एवढं पुरेसं वाटलं असतं. पण लायोनेलला जुन्या तारांचा संशय आला आणि दुपारपर्यंत गाडीतल्या तारांचं भेंडोळं टेबलावर होतं, रंगाप्रमाणे वेगळं करून.

हे बघा, शुक्रवारी तपासणी आहे, दोनच दिवस राहिलेत, असं मी रेषेमागून म्हणाले. रेडिओवर दूरच्या किनाऱ्याकडच्या हवेचा अंदाज आपण ज्या आस्थेने ऐकतो, त्या आस्थेने त्यांनी ते ऐकलं.

गुरुवारी दुपारी चाचणी. गाडी पहिल्या दमात सुरू झाली. दिवे लागले, हॉर्न वाजला, लायोनेलने टोपी काढून वाकून दाखवलं. मी मोठ्या रस्त्याला लागले, चर्चपाशी डावीकडे वळण्याचा दिवा लावला आणि हॉर्न वाजायला लागला. दिवा लुकलुकेल तसा तालात वाजत होता. आमच्या गावात हॉर्न कुणाला हटवायला वाजवत नाहीत, नमस्कार करायला वाजवतात, त्यामुळे पाद्रीबुवांनी हात केला, पोस्टातल्या बाईंनी हात केला, आणि एका अंत्यविधीहून परतणाऱ्या सहा गाड्यांनी क्षणभर गोंधळून मला उलट हॉर्न दिले. उजवा दिवा शांत होता. तीन उजवी वळणं म्हणजे एक डावं, हे ओळखायला भूमिती लागते आणि ती माझी चांगली आहे. मी उरलेला सगळा प्रवास उजवीकडे वळून केला. अडीच किलोमीटरचा फेरा सात किलोमीटरचा झाला, आणि अंत्यविधीच्या त्या गाड्या मला आणखी दोनदा भेटल्या.

असं होणं तत्त्वतः अशक्य आहे, असं लायोनेलचं मत पडलं. तरी त्याने दोन तारांची अदलाबदल केली आणि ते अशक्य थांबलं. संध्याकाळी मी जाकीट काढत असताना डेस पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. त्याला या प्रकल्पात काही कामच मिळालं नव्हतं. गाडी जरा पुसून ठेवू का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, अवश्य, डेस, तुम्हाला हवी तेवढी पुसा. हे मी म्हणाले, हे मान्य करते. वॉलच्या वहीत तशी नोंदही आहे.

शुक्रवारी मी पिवळ्या रेषेवरून वाकून गाडी पाहिली. सत्तेचाळीस वर्षांचं करडं, डागाळलेलं इंजिन आरशासारखं झालं होतं. त्यात माझं नारिंगी जाकीट दिसत होतं. डेस बाजूला उभा राहून फडक्याने स्वतःची बोटं पुसत होता, आणि त्याने दाढी केली होती.

नोरीनने तीनची वेळ दिली होती. पास झाल्याशिवाय प्रकल्प बंद होत नाही या नियमाखाली तिघंही बरोबर आले आणि तिच्या तपासणीच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून शाळेच्या बक्षीस समारंभाला बसावं तसे बसले. नोरीन साठीची, बुटकी, जाड चष्म्याची, करड्या डगल्यातली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागली. ब्रेक पास. दिवे पास. डावा दिवा तिने लावला तेव्हा लायोनेलने डोळे मिटून घेतले, पण हॉर्न गप्प राहिला. टायर तिने नुसता अंगठ्याने दाबून पाहिला. माझी अकरा मोजमापं खिशात होती, ती कुणी विचारली नाहीत.

मग ती इंजिनापाशी गुडघ्यावर बसली, एका हातात कागद, एका हातात बॅटरी. बराच वेळ बसली.

“नंबर कुठाय?” तिने विचारलं.

तिला इंजिनावर ठोकलेला नंबर हवा होता. सांगाड्यावरचा नंबर कुणा जुन्या मालकाने काळ्या रंगाच्या थरांखाली केव्हाच गाडला होता. कागदोपत्री ही गाडी हीच, याला पुरावा म्हणजे इंजिनावरचे सहा आकडे. मी वाकून पाहिलं. आकड्यांच्या जागी मला माझा चेहरा दिसला.

डेसला हा प्रश्न म्हणजे कौतुकाची सुरुवात वाटली. तो खुर्चीतून उठून पुढे आला.

“छान झालंय ना? तिथे थोडे ओरखडे होते बघ. काढायला दीड तास लागला मला.”

नोरीनने पेनाचं टोपण लावलं. एखाद्या माणसाला ओरडावं असा तिचा स्वभाव नाही. ती फक्त टोपण लावते. तिने शांतपणे सांगितलं की गाडी कुठली हे ती दर वर्षी हा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवते आणि मगच सही करते. नंबर नाही तर तिच्या लेखी समोर गाडी नाही, चकाकणारं लोखंड आहे. आता हे प्रकरण शहरातल्या कचेरीत जाणार, तिथला माणूस येऊन गाडीची ओळख पटवणार. सहा आठवडे तरी लागतील.

मी मनात पाव कापायला सुरुवात केली.

वॉलने शेडच्या वहीतली नोंद पुरावा म्हणून दाखल करून घेण्याची सूचना केली. लायोनेलने शेडमध्ये आकडे ठोकायचे छाप आहेत, पाच मिनिटांत पुन्हा ठोकू, असं सुचवलं. नोरीनने त्याला त्यासाठी किती वर्षांची शिक्षा आहे ते सांगितलं आणि तो बसला. डेसला एव्हाना कळलं होतं. त्याने फडकं काढलं, परत खिशात ठेवलं, परत काढलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. “पोरी, मला वाटलं ओरखडेच आहेत,” एवढंच म्हणाला.

त्या फडक्याकडे बघताना मला दुसऱ्या वर्षाचं धातूंवरचं व्याख्यान आठवलं. वहीच्या पानावर दाबून लिहिलं की ते पान फाडलं तरी खालच्या पानावर अक्षरं उमटलेली राहतात. धातूचंही तसंच असतं. आकडा ठोकताना खालचा धातू दाबला जातो. वरचा थर घासून काढला तरी तो दाबलेला भाग आत राहतो, आणि योग्य रसायन लावलं तर तो बाकीच्यापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो. म्हणजे पुसलेला आकडा थोडा वेळ परत दिसतो. इंजिन अॅल्युमिनियमचं होतं. अॅल्युमिनियमला लागणारं रसायन म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि कॉस्टिक सोडा म्हणजे तुंबलेली मोरी साफ करायची पावडर.

हे मी नोरीनला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं, पाच वाजता आपण बंद करतो याची आठवण दिली, आणि म्हणाली, “माझ्यासमोर करायचं. मला दिसलं तर मी मानीन.” मग मागच्या मोरीखालून तिनेच डबा आणून दिला, शिवाय हातमोजे आणि माझ्या डोळ्यांसाठी सुरक्षेचा चष्मा. खिडक्या उघडायला लावल्या. मोजे तिने दोनदा तपासले.

मी चमच्याने पावडर मोजून पाण्यात घातली, कापसाचा बोळा भिजवला आणि डेसच्या आरशाला लावला. तो फसफसला. चकाकी करडी झाली, मग काळपट. डेसने मान फिरवली. मी पुसलं, परत लावलं, परत पुसलं. पंधरा मिनिटं काही नाही. वीस मिनिटांनी नोरीनने बॅटरी तिरकी धरली आणि काळपट धातूत एक फिकट रेघ दिसली, रेघेला वर आडवी टोपी.

“7,” लायोनेल म्हणाला. तो केव्हा खुर्चीतून उठून माझ्या शेजारी पालथा झाला ते मला कळलं नव्हतं. वॉल दुसऱ्या बाजूने पालथा झाला, वही घेऊन. नोरीन गुडघ्यावर, मी कोपरांवर, आणि आमच्या चौघांच्या डोक्यांवरून डेस. पंचवीस मिनिटांनी 4 आणि 1 आले. मग 0. मग 6, पोट आधी आणि शेपूट नंतर. प्रत्येक आकड्याला नोरीन कागदाकडे बघून हुंकार देत होती, वॉल लिहीत होता, आणि डेस माझ्या मानेवर श्वास सोडत होता. पावणेपाचला शेवटची जागा उरली. कागदावर तिथे 3 होता.

मी बोळा लावला. उजवीकडच्या दोन वाट्या दिसल्या. डेसने माझा खांदा धरला. मी पुसलं, पुन्हा लावलं, आणि आता डावीकडच्या दोन वाट्याही दिसल्या.

गप्प बसता आलं असतं. पण जे दिसतं ते मोजायचं आणि मोजलं ते सांगायचं, याच्याशिवाय मला चार वर्षांत कुणी काही शिकवलेलं नाही.

“8 आहे,” मी म्हणाले.

वॉलचं पेन थांबलं. त्याने नोरीनच्या हातातला कागद वाकून वाचला, मग इंजिन, मग परत कागद. 417063. इंजिनावर 417068. ही गाडी माझ्याकडे यायच्या कितीतरी आधी कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी आठाचा तीन केला होता, आणि त्यानंतर दर वर्षी प्रत्येक तपासनीसाने तो कागदावरून कागदावर उतरवला होता.

“नोरीन,” लायोनेलने फरशीवरूनच, अतिशय सौम्य आवाजात विचारलं, “या गाडीची चिठ्ठी किती वर्षं तूच देतेस गं?”

“अकरा,” नोरीन म्हणाली.

“स्वतःच्या डोळ्यांनी बघून.”

वॉलने, बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस तो, हळूच वही मिटली. बाहेर कुणीतरी नमस्काराचा हॉर्न वाजवून गेलं. सोमवार माझ्या डोळ्यांसमोरून जाताना मला स्पष्ट दिसला. सहा आठवडे, शहरातला माणूस, आणि आता एकाऐवजी दोन नंबर. त्यातला दुसरा मी स्वतः कष्टाने शोधून काढलेला.

नोरीन उठली. तिने स्वतःचा चष्मा काढला, घडी घातली, डगल्याच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. मग पुन्हा गुडघ्यावर बसली आणि चष्म्याशिवाय, नाक जवळजवळ इंजिनाला लावून, संपूर्ण एक मिनिट त्या जागेकडे पाहत राहिली. इतक्या काळजीने कुणी कुठलाही आकडा पाहिलेला मी तरी बघितलेला नाही.

“तीन,” ती म्हणाली.

धातू वाळत होता आणि आकडे आले तसे फिकट होत चालले होते. मी तोंड उघडलं, तेव्हा वॉलने माझ्या हातमोज्यावर शांतपणे आपलं कोपर ठेवलं.

पाचला तीन मिनिटं कमी असताना नोरीनने चिठ्ठी संगणकातून पाठवली. त्याआधी चष्मा परत घातला, एक एक अक्षर तपासलं. डेसला तिने जाता जाता सांगितलं की काम उत्तम आहे, पण यापुढे त्याने कुठल्याही गाडीच्या इंजिनाला फडकं लावलं तर ती स्वतः येऊन त्याची घासायची यंत्रं जप्त करील. डेसला यातलं पहिलं अर्धं तेवढं ऐकू आलं असावं, कारण तो लाजला.

मी गाडी बाहेर ढकलत होते तेव्हा ती दारापर्यंत आली.

“पुढच्या वर्षी ही गाडी माझ्याकडे आणू नकोस.”

मी म्हणाले, पण नोरीन, दुसरा तपासनीस नव्वद किलोमीटरवर आहे. ही सत्तेचाळीस वर्षांची गाडी तिथवर कशी जाईल?

“जाईल की,” नोरीन म्हणाली. “मी स्वतः तपासली आहे.”